चुलीपर्यंतची तार

शिवगंगाला जाऊन वर्ष झालं, त्या दिवशी पाहुणे ओसरीवर बसले, जंगमाची पूजा आटोपली आणि तिच्या नवऱ्यानं, गुरुलिंगानं, टेप लावला. नातीसाठी तिनं म्हणून ठेवलेला पाळणा त्यात होता. तिचा आवाज म्हणून जगात तेवढाच उरला होता. पाळण्याची पहिली ओळ आली न आली, तोच तिच्या आवाजावर आवाज चढवून एक बापया बोलायला लागला, "तूर, आवक मध्यम." शिवगंगा खाली कुठंतरी पुटपुटत राहिली.

गुरुलिंग टेपकडं बघतच राहिला. "हिनं जल्मात कुणाला मधी बोलू दिलं न्हाई," तो म्हणाला. "आन् आता ह्यो कोण?"

सगळ्यांच्या माना माळावरच्या रेडिओच्या मनोऱ्याकडं वळल्या. लातूर जिल्हा नवा झाला, मनोऱ्याचा खड्डा खणला आणि तेव्हाच पाऊस गेला, हा हिशोब गावानं आधीच मांडला होता. मनोरा चालू होऊन आठवडा झाला होता. तेवढ्यात शेजारच्या लक्ष्मम्माची म्हैसही आटली होती. शिवगंगाचा भाऊ मलप्पा म्हणाला, किरणांनी टेपची पट्टी खाल्ली, आता आवाज गेला तो गेलाच. उरलासुरला वाचवायला त्यानं टँकरचं घागरभर पाणी ओतून गोणपाट भिजवलं आणि टेपला गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी बापयाला सर्दी झाल्यासारखी वाटली, पण भाव त्यानं सगळे सांगितले.

गुरुलिंगाला राहवेना. मनोऱ्यावर जाऊन तो तिथल्या इंजिनियरला, शेषेरावला, घरी घेऊन आला. लक्ष्मम्मा दारातच उभी होती. शेषेरावनं तिला सांगितलं, कुंपणाच्या आत जाऊन खांबाला हात लावाल तर हात भाजेल, तिकडं लेकरंढोरं जाऊ देऊ नका. कुंपणाबाहेर मोजून बघितलंय, माणसाला धोका न्हाई, जनावरालाबी न्हाई.

"मंग म्हैस कशी आटली?"

"तिला घालताव काय, मावशी?"

"वाळली धाटं. दुसरं हाय काय?"

"मग मनोऱ्याला कामून बोलताव?"

लक्ष्मम्मा पदर खोचून आत आली.

शेषेरावचं लक्ष टेपपासून निघालेल्या तारेवर गेलं. ती आढ्यावरून, धुण्याच्या दोरीवरून थेट चुलीपर्यंत गेली होती. भाकरी करताना ऐकायला यावं म्हणून शिवगंगानंच ती ओढून तिथं दुसरा कर्णा टांगला होता.

"मामा, पट्टीला काय झालं न्हाई. ही लांब तार रेडिओ धरून राहिली." त्यानं तार टेपमधून उपटली.

पाळणा स्वच्छ आला. मध्येच थांबून शिवगंगा म्हणाली, "तुमी मधी खोकू नका, पट्टी फिरून राहिली."

गुरुलिंगाला खरंच खोकला आला होता. त्यानं तो गिळला.

जाताना शेषेराव सांगून गेला, तार उतरवून टाका, पुन्हा जोडली की पुन्हा भाव सुरू. मलप्पा लगेच शिडी घेऊन आला. गुरुलिंगानं त्याला चहा पाजला आणि शिडी परत पाठवली.

आता रोज संध्याकाळी टेप ओसरीवर वाजतो. चुलीपाशी ऐकू जात नाही.

तार उतरवायची राहिली आहे.