आतून निळा

"अहो, आतून रंग दिलाय की नुसता दाखवलाय?"

फोनच्या पडद्यावर पेनवाल्याची बायको हसत होती. तिच्या खांद्यावर नातू झोपला होता. पेनवाल्याने पेन उजेडात धरलं. ॲक्रिलिकच्या निळ्या अंगातून आतल्या पितळी नळीची पिवळी रेघ लख्ख दिसत होती. गिऱ्हाइकाने ते सकाळीच परत आणून दिलं होतं.

"पहिला हात वाळू दिला नसणार. नळी सरकवताना खरवडला."

"वाळला होता."

"बोट लावून बघितलंत?"

पेनवाल्याने पेन खाली ठेवलं.

ॲक्रिलिकच्या कांडीला भोक त्याने पाडायचं, पितळी नळी दिसू नये म्हणून ते आतून तिने रंगवायचं, अशी बत्तीस वर्षांची वाटणी. भोक पाडताना गडी इतका सावकाश, की ड्रिललाही जांभई यावी. जरा दाबायचं, वर घ्यायचं, चुरा झटकायचा. घाई केली तर कांडी तापते, टोकाला टवका उडतो. असा माणूस रंगातच तेवढा उतावळा कसा? महिन्यातलं हे चौथं पेन होतं. आणि दर खेपेला रंग बिघडला, की फोन करायला कारण मिळत होतं.

मुलीच्या बाळंतपणाला म्हणून ती दोन महिन्यांसाठी गेली होती. नातू आता चालायला लागला होता. 'कधी येतेस?' एवढं विचारायला मात्र याची जीभ रेटत नव्हती.

"मला नाही जमत तो निळा," तो म्हणाला. "तुझ्यावाचून अडतंय बघ."

आणि थांबला.

मागून मुलीचा आवाज आला, "आई, बाबांना सांग ना, कांड्या इकडेच पाठवा म्हणावं."

"अगंबाई, हो की! भोकं पाडून पार्सल करा. दुपारी हा झोपला की रंगवीन. आणि अहो, माझा बारका ब्रशही टाका त्यात."

"ब्रश?"

"इथे तसला मिळत नाही."

"टाकतो," तो म्हणाला.

ब्रश खिडकीतल्या काचेच्या पेल्यात उभा होता, तिने जाताना धुऊन ठेवला होता तसाच. चारही पेनं त्याने कानातल्या कापसाच्या काडीने रंगवली होती. ब्रशला हात लावला नव्हता.

संध्याकाळपर्यंत बारा कांड्या झाल्या. एकीलाही टवका नाही. त्या कागदात गुंडाळताना त्याने ब्रश उचलला आणि शेवटच्या कांडीच्या भोकात सरकवला. कुठेही न अडकता गेला.

खोक्याला चिकटपट्टी लावून तो पेला विसळायला उठला. तळाशी तिच्या ब्रशमधून निथळलेल्या रंगाचं निळं कडं वाळलेलं होतं. नळ सोडला, पुन्हा बंद केला आणि पेला होता तिथे खिडकीत ठेवून दिला.