हौसाबाईंचा खालचा सूर

सलीलने ते धूड माझ्या वर्तकनगरच्या दुसऱ्या मजल्यावर आणलं, तेव्हाच मी त्याला सुनावलं की लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहणाऱ्या बाईकडे माणसाने दुरुस्तीला फार तर बासरी आणावी. तो हसला. त्याला हसायला काय जातंय, उचलणारे हमाल होते.

हे यंत्र दिसतं पियानोसारखं, पण प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो. पट्टी दाबली की त्या तुकड्यावरचा एकच सूर आठ सेकंद वाजतो. सलीलच्या वडिलांनी एक्क्याऐंशी साली आपल्या नौपाड्यातल्या घरी त्यात ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या उत्तराकाकूंचा ‘आ’कार भरून घेतलेला. पस्तीस पट्ट्या, पस्तीस सूर. चौतीस अगदी गोड. पस्तिसावा, सगळ्यात खालचा, असा काही घसरलेला की ऑर्केस्ट्रावाले ती पट्टी मुद्दाम दाबून एकमेकांना टाळ्या द्यायचे. ठाण्यापासून कल्याणपर्यंत काकूंना लोक त्या एका सुरावरून ओळखत. आता ऑपरेशननंतर त्यांचा गळा गेलाय, आणि रविवारी त्याच जुन्या मंडळींसमोर हे यंत्र वाजणार होतं. काकूंनी निरोप धाडला, मी जायच्या आत तेवढा एक सूर नीट करून द्या.

चार दिवस खपले मी. टेपा साफ केल्या, कॉम्प्युटरवर घेतल्या, तो नतद्रष्ट सूर ओढून जागेवर बसवला. बसला आणि माझं डोकंच फिरलं. खरखर गेल्यावर स्पष्ट कळत होतं, हा काकूंचा आवाजच नाही. म्हणजे ही बाई इतकी वर्षं दुसऱ्या कुणापायी बेसुरी ठरली, आणि वर तोंड मिटून बसली. मी लॅपटॉप उचलला नि तडक काकूंचं कोपरचं घर गाठलं.

गेल्या गेल्या काकूंना फैलावर घेतलं. त्या चहा टाकता टाकता घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, त्या सासूबाई. सुनेला रेकॉर्डिंगला एकटी कशी पाठवायची, म्हणून डबा घेऊन सोबत आलेल्या. शेवटचा सूर इतका खालचा की काकूंचा गळा तिथवर उतरेना. तेव्हा सासूबाई उठल्या, म्हणाल्या, मी काढते, चूल फुंकून माझा आवाज खालीच गेलाय. नाही म्हणायची कुणाची बिशाद? पुढे लोक हसायला लागले, तेव्हा सासूचं नाव कुठल्या तोंडाने सांगणार?

मी दुरुस्त केलेला सूर लावला. काकूंनी तो दोनदा ऐकला.

"ही कोण गं?" त्या म्हणाल्या. "आमच्या आई नव्हेत ह्या."

"त्याच आहेत. फक्त सुरात आणलंय."

"तेच तर. त्या जन्मात कधी सुरात नव्हत्या. त्यांचा दुसरा आवाज नाही गं माझ्याकडे. होता तसा कर."

माझ्या चार दिवसांचं मातेरं झालं. रडूही आलं, खोटं कशाला बोलू.

रविवारी सलील वाजवत वाजवत खालच्या सुरांपर्यंत उतरला आणि शेवटची पट्टी दाबली. सूर घसरला, सगळी मंडळी खदखदून हसली. पहिल्या रांगेतून काकू उठल्या. माइक मीच धरला.

"ह्या माझ्या सासूबाई, हौसाबाई," त्या म्हणाल्या. "त्रेचाळीस वर्षं त्यांचं मी माझ्यावर घेतलं. सलील, परत लाव. नीट ऐकू देत लोकांना."

सलीलने पट्टी दाबली. कुणी हसलं नाही. आठही सेकंद काकू उभ्याच होत्या. सासूबाई बोलत असताना सून बसते होय?