हद्दीची पहार

आमच्या केयाचं, माझ्या नातीचं, बारसं झालं ते साल २०१९, पंधरा जानेवारी, मंगळवार. अमेरिकेत, श्रूजबरीतल्या मुलाच्या घरात पाळणा टांगला होता, बायका घुगऱ्या वाटत होत्या. दुपारी अडीचच्या पुढं शेजारच्या अंगणातून ओरडा आला. मी खिडकीशी गेलो. रॉयनं बर्फ उपसायचं फावडं डेक्लनच्या तोंडावर हाणलं होतं. डेक्लन गुडघ्यावर बसून दात थुंकत होता.

दोघं सत्तरीतले, मेव्हणे-मेव्हणे. रॉयची बायको मोइरा ही डेक्लनची बहीण, ती आता नाही. दोघं उत्तर आयर्लंडचे, पण रॉय ब्रिटनच्या बाजूचा आणि डेक्लन आयर्लंडच्या. एकाच जोडघराच्या दोन भागांत ते वीस वर्षं राहत होते. मागचं अंगण एकच, मध्ये कुंपण नाही.

त्या दुपारी लंडनच्या पार्लमेंटात ब्रिटननं युरोपातून बाहेर पडायचा करार मतदानात पडला होता. अडलं होतं सरहद्दीवर. यांच्या गावाजवळून जी रेषा जाते, तिच्यावर पुन्हा चौक्या बसणार की नाही, हे कुणालाच ठरवता येत नव्हतं. रॉय म्हणे, बाहेर पडायचं तर हद्द हवीच. डेक्लनचा थोरला भाऊ तरुणपणी तसल्याच एका चौकीवर गोळी लागून मेला होता.

मी निपाणीकडचा. सीमेच्या आंदोलनात लाठ्यांनी फुटलेलं चुलतभावाचं डोकं मी मांडीवर धरलंय. हे भांडण मला कुणी समजावून सांगायला नको, असं मला वाटलं.

एकोणतीस मार्चला करार तिसऱ्यांदा पडला. बाहेर पडायची तारीखही तीच होती, तीही टळली. दुसऱ्या दिवशी रॉयनं कुंपणाचे खांब आणून टाकले. त्यातलाच एक उचलून डेक्लननं रॉयच्या गाडीच्या सगळ्या काचा फोडल्या.

"बाबा, प्लीज, तुम्ही इन्व्हॉल्व्ह होऊ नका," सुनेत्रा, माझी सून, म्हणाली. "मी पोलिसांना कॉल करते."

"पोलीस काय करणार? पंचानं हद्द लावून दिली की भांडण मिटतं."

"ही अमेरिका आहे, बाबा. तुमची चावडी नाही."

"माणसं तीच की गं."

आमच्या गावात बांधावरून वाद झाला की दोघांनी एकच पहार धरायची. चार हातांनी खड्डा पाडायचा, दगड बसवायचा, नारळ फोडायचा. पुढं त्यावर कुणी बोलायचं नाही. पहार माझ्याकडं होती. इथल्या जमिनीत दगड फार, म्हणून वाफे करायला मी अतुलला, माझ्या मुलाला, आणायला लावली होती.

शेवटी सुनेत्रानं दोघांना माझा निरोप पोचवला. रॉय लगेच तयार झाला. डेक्लनकडून ती कपाळाला आठ्या घालूनच परतली.

"तो येतोय, बाबा. पण म्हणतो, फक्त बोलायला. दगड लावायला नाही."

"आला की लावेल," मी म्हणालो.

रविवारी, सात एप्रिलला, दुपारी दोघं त्यांच्या मागच्या अंगणात आले. मी पहार उभी धरली, रॉयचे हात तिच्यावर ठेवले. मग डेक्लनचा हात ओढून ठेवला. तो नको नको म्हणत होता. आपल्याहून म्हातारं माणूस सांगतंय म्हणून त्यानं धरली. पहिला घाव, दुसरा. तिसऱ्याला दगड लागला, ठिणगी उडाली.

रॉय हसला. काय बोलला ते सुनेत्रानं मला नंतर सांगितलं. "उद्यापासून इथं थांबायचं आणि पासपोर्ट दाखवायचा, मेव्हण्या. तुझा भाऊ थांबला असता तर वाचला असता."

डेक्लननं पहार हिसकली. पहिला घाव रॉयच्या कानाखाली बसला. तो पडला. दुसरा आणि तिसरा पडलेल्यावर बसला. मी मागून मिठी मारली, तर कोपराचा असा तडाखा बसला की माझी बरगडी मोडली. चौथा घाव मातीत गेला. सुनेत्रा किंचाळत होती. रॉयच्या टाचा जमीन घासत होत्या, मग थांबल्या. माझ्या पायजम्यावर रक्त आणि केस.

डेक्लननं पहार माझ्यापुढं धरली.

"तुझी आहे, गुरू."

पोलिसानं विचारलं, पहार कुणाची? मी माझी म्हणालो. वयाच्या साठीत गिरवायला शिकलेल्या अक्षरांत जबाबाखाली गुरुनाथ लिहिलं.

आमच्याकडं भांडण असतं ते दगड कुठं लावायचा याचं. डेक्लनचं भांडण दगड लावायचाच कशाला, याचं होतं. त्यानं आधीच सांगितलं होतं, सुनेत्रानं मला मराठीत सांगितलं होतं. तरी मी त्याचा हात ओढला.

तो खड्डा मी बुजवला. कुंपण कुणी घातलं नाही.

रॉय मंगळवारी, नऊ एप्रिल २०१९ रोजी, सकाळी दवाखान्यात वारला. डेक्लन तुरुंगात वारला, सतरा डिसेंबर २०२० रोजी.