सेनेटर गाडीविषयी दोन चांगले शब्द

माणसाने आजवर बनवलेल्या यंत्रांत क्रॅनमर मोटारीइतकं थोर यंत्र दुसरं नाही, हे मी पूर्ण विचारांती लिहितो आहे. विचाराला सवड भरपूर मिळाली. लिंडेन क्रीकच्या बाहेर, मक्याच्या शेताकडेला, बॉनेट उघडं टाकून मी माझ्याच क्रॅनमरमध्ये बसलो होतो आणि कुणीतरी ट्रॅक्टर घेऊन यायचं होतं.

कंपनीचे संस्थापक ईफ्राइम क्रॅनमर मूळचे पायपेट्या बनवणारे. इंडियाना राज्यातल्या निम्म्या चर्चमध्ये त्यांच्या पेट्या वाजत, आणि उरलेल्या निम्म्यांत त्यांच्या पेट्या नुसत्या असत. मोटारींचं वारं सुटलं तेव्हा त्यांनी विचार केला की भाता, पेडल आणि उत्तम अक्रोडाचं लाकूड आपल्याकडे आहेच. चाकं तेवढी लावायची. पहिल्या मॉडेलला चार पेडलं होती. तिसऱ्याने काय होतं हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही, पण ते दाबल्याशिवाय गाडी सुरू होत नसे.

ईफ्राइम देवभोळे होते. दुरुस्तीचं पुस्तक छापायला त्यांनी साफ नकार दिला. पुस्तक छापायचं म्हणजे गाडी बिघडते हे कबूल करायचं, आणि असली अश्रद्धा त्यांच्या कारखान्यात चालत नव्हती. त्यामुळे क्रॅनमरची सगळी विद्या तोंडी राहिली. तिची घराणी पडली. थंडीत चोक पूर्ण ओढावा म्हणणारे एक आणि अर्धाच ओढावा म्हणणारे दुसरे. आमच्या लहानपणी या दोन घराण्यांत सोयरीक होत नसे.

ईफ्राइमचा मुलगा होरेस जरा आधुनिक विचारांचा निघाला. मालकांचं गाडीविषयी काय मत आहे ते आपण स्वतः ऐकावं, म्हणून तो राज्यभर हिंडला. परत आला तो कारखान्यात न जाता सरळ घरी जाऊन झोपला, आणि पुढे त्याने सफरचंदांची बाग केली. कारखाना बंद पडला त्याला साठ वर्षं होऊन गेली. मालक मात्र अजून बंद पडलेले नाहीत.

पुस्तक नसल्यामुळे आमच्याकडे एक रीत पडली. क्रॅनमर एका हातातून दुसऱ्या हातात जायची असली की जुने मालक जमतात. अंगणात घडीच्या खुर्च्या मांडायच्या, कॉफी आणि डोनट ठेवायचे, आणि नव्या माणसाला प्रत्येकाने आपापला अनुभव सांगायचा. याला आम्ही साक्ष म्हणतो. साक्ष झाल्याशिवाय गाडी विकणं म्हणजे पाद्रीबाबांशिवाय माणूस पुरणं. आणि साक्ष चालू असताना विकणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. विकणारा कधी धड खरं बोलत नाही, म्हणून हा नियम मर्विन क्लिंगरने सुचवला होता. तो एकमताने मंजूर झाला, कारण तेव्हा विकणारा दुसराच कुणीतरी होता.

मर्विन आमच्या गावचा निवृत्त पोस्टमास्तर. त्याच्याकडे पिस्त्याच्या रंगाची सेनेटर होती, क्रॅनमरचंच एक मॉडेल, सासऱ्याने दिलेली. याच गाडीतून त्याने डोरीनला चर्चमधून घरी आणलं, म्हणजे निम्म्या वाटेपर्यंत आणलं. गेल्या वर्षी डोरीनचे गुडघे गेले. ॲरिझोनातल्या लेकीने दोघांसाठी खोली तयार केली, पण तिच्याकडे तिसऱ्या गाडीला जागा नव्हती. इथलं घर विकलं गेलं. नव्या मालकाला गॅरेज पाडून तिथे पोहायचा तलाव करायचा होता. महिनाअखेरीपर्यंत सेनेटरला घर मिळालं नाही, तर भंगारवाल्या डगीचा ट्रक येणार हे ठरून गेलं.

आमच्यापैकी कुणी घ्यावी म्हटलं, तर प्रत्येकाच्या कोठारात आधीच दोन-दोन, तीन-तीन क्रॅनमर झोपलेल्या. आमची मुलं आमच्या मरणाची वाट बघत नाहीत, कारण मग त्या त्यांना मिळतील. मर्विनने जिल्ह्याच्या संग्रहालयाला फोन केला, तर तिथल्या बाईंनी विचारलं, आमच्याकडे आहे तीही तुम्ही घेऊन जाल का.

अशात ओरेगनहून एका तरुणाचा फोन आला. इव्हान प्रुएट. त्याने सेनेटरचा फोटो कुठेतरी बघितला होता आणि तो चक्क विमानाने बघायला येणार होता. मर्विन त्या आठवड्यात दहा वर्षांनी तरुण दिसायला लागला. म्हणजे सत्तरीचा.

शुक्रवारी नाक्यावरच्या खाणावळीत त्याने आम्हाला तिघांना बसवलं. लोवेल स्टाउट, आमचा म्हातारा न्हावी. बर्निस हॅपनर, जिने तीन क्रॅनमर आणि दोन नवरे वापरले. आणि मी.

"उद्या पोरगा येतोय," मर्विन म्हणाला. "साक्ष तर करावीच लागणार. पण बाबांनो, चांगलं तेवढंच सांगा."

"म्हणजे काय," लोवेल म्हणाला. "क्रॅनमरचं वाईट मी बोललोय कधी?"

"तसं नाही रे."

"नाही, सांग ना. कधी बोललो?"

"तुला प्रत्येक गोष्ट लागते, लोवेल. मी एवढंच म्हणतोय, पोरगा बाहेरचा आहे."

"अरे, बाहेरचा आहे म्हणूनच मनापासून सांगू," बर्निस त्याच्या हातावर थोपटत म्हणाली. "तू जेव, मर्विन. बटाटे थंड होतायत."

मर्विनने बटाट्यांकडे बघितलं, पण जेवला नाही.

शनिवारी सकाळी इव्हान आला. पोरगा गुणी होता. बूट पुसून अंगणात आला, डोरीनला फुलं दिली, आणि सेनेटर दिसताच बोलायचाच थांबला. दारावरून तळवा फिरवला, हलकेच, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा. मर्विनने माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. गाडीला घर मिळालं, असं त्या क्षणी आम्हा सगळ्यांनाच वाटलं.

"चालू करून बघू, मिस्टर क्लिंगर?"

मर्विनने किल्ली दिली. इव्हानने फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली आणि आतलं इंजिन असं एकसुरात गुणगुणायला लागलं, की ईफ्राइमच्या पेट्या कधी एवढ्या सुरात वाजल्या नसतील.

आम्ही सगळे ओशाळलो.

लोवेल पुढे झाला. "हे बघ बाळा," तो खिडकीत वाकून म्हणाला, "यावरून काही गैरसमज करून घेऊ नकोस. आज तिची तब्येत बरी दिसत नाही. एरवी ती अशी नाही."

"एरवी कशी असते?"

"एरवी निदान पाऊण तास घेते," बर्निस अभिमानाने म्हणाली.

मर्विनने तोंड उघडलं. मग त्याला नियम आठवला. तो खुर्चीवर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिची कड फिरवत राहिला. त्यानंतर तासभर तो तिथेच होता. दातांच्या डॉक्टरकडे माणूस जसा बसतो, तसा.

पहिली साक्ष लोवेलची. तो उभा राहिला. साक्ष उभं राहूनच देतात.

"ब्रेकपासून सुरुवात करतो. ब्रेक आहेत. नाहीत असं कुणी म्हणेल तर तो खोटारडा. फक्त त्यांना आधी कल्पना द्यावी लागते. समजा तुला चर्चच्या चौकात थांबायचंय, तर पोस्टापाशीच दाबायला लागायचं. एकदा सवय झाली की इतकं छान वाटतं. माणूस पुढचा विचार करायला शिकतो."

"आणि अचानक थांबायचं झालं तर?"

लोवेलने विचार केला. "अचानक असं क्रॅनमरमध्ये काही होत नाही," तो म्हणाला. "फक्त बंद पडणं तेवढं."

इव्हान हसला. विनोद आहे असं त्याला वाटलं. आमच्यात कुणीच हसलं नाही, तेव्हा तोही थांबला.

मग बर्निस उठली. "माझं पहिलं लग्न सेनेटरमुळे झालं," ती म्हणाली. "रॉय मला जत्रेहून घरी सोडत होता. बर्फात गाडी बंद पडली. हीटर कुठला. जवळपास घर नाही, काही नाही. तीन तास बोलत बसण्याशिवाय इलाज नव्हता. त्याआधी मला तो माणूस मुळीच आवडत नव्हता."

"मग आवडायला लागला?" इव्हानने विचारलं.

"छे. पण गाडीही सुरू होईना."

तिने रुमालाने डोळे टिपले. लोवेलने तिला डोनट दिला. इव्हानने मर्विनकडे बघितलं. मर्विनने आकाशाकडे बघितलं.

मग माझी पाळी आली. मी मर्विनचा जुना मित्र; आता सगळं माझ्यावर आहे हे मला दिसत होतं. मी ठरवलं, बंद पडण्याचं नावच काढायचं नाही. मी दारांविषयी बोललो. सेनेटरची दारं बटण दाबून उघडतात, त्या काळी अशी दारं दुसऱ्या कुणाकडे नव्हती, हे मी सांगितलं. इव्हानचा चेहरा जरा खुलला. तिथेच थांबायला हवं होतं. पण साक्ष देताना माणसाचं भान जातं. पाऊस असला की बटण दाबायचीही गरज राहत नाही, ती आपली आपण उघडतात, आणि म्हणून वळणावर मुलांना मधोमध बसवायचं, हेही मी सांगून टाकलं. ते सांगताना मला आमच्या लहान मुली आठवल्या, ओळीने मधोमध बसलेल्या, एकमेकींना घट्ट धरून.

"माझ्या बायकोला सातवा महिना आहे," इव्हान हळूच म्हणाला.

"वा," बर्निस म्हणाली. "मग मधोमध जागा लागेल."

इव्हान उठून पुन्हा गाडीभोवती फिरला. आता त्याने तिला हात लावला नाही. "मी म्हटलं होतं, इथून चालवतच ओरेगनला न्यावी," तो म्हणाला.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. क्रॅनमर घेऊन आमच्यातला कुणी जिल्ह्याच्या हद्दीबाहेर गेलेला नव्हता. एकजण गेला होता, पण तो बसने परत आला.

"जमेल," शेवटी लोवेल प्रेमाने म्हणाला. "तू तरुण आहेस. आयुष्य पडलंय तुझ्यापुढे."

इव्हानने सगळ्यांशी हात मिळवले. डोरीनने बांधून दिलेले डोनट घेतले. बायकोशी बोलून कळवतो, म्हणाला. फाटकापाशी तो एकदा वळला, सेनेटरकडे बघितलं, आणि मग भराभर चालत गेला. रस्त्यावर त्याची भाड्याची गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली, पण ती मुळातच तसल्या जातीची.

"विकली म्हण," लोवेल हात चोळत म्हणाला. "पोरगा हलला होता. चेहरा बघितलास का? पांढरा पडला होता."

"मी पण रॉयचं सांगायला नको होतं," बर्निस म्हणाली. "मलाच रडू आलं. पण मर्विन, तुझ्यासाठी म्हणून सांगितलं हं."

मर्विनला आता बोलायची परवानगी होती. तो खुर्च्या घडी करून एकेक भिंतीला लावत राहिला. मी मदतीला गेलो तेव्हा एवढंच म्हणाला, "दारांचं छान सुरू केलं होतंस रे." त्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी इव्हानचा फोन आला. डोरीनने घेतला. ती खूप वेळ ऐकत होती, अधूनमधून "हो बाळा, समजते मी," म्हणत होती. मग तिने फोन ठेवला आणि मर्विनला म्हणाली, "पोरगा रडत होता."

"नाही म्हणाला?"

"नाहीच म्हणाला."

"चांगला पोरगा आहे," मर्विन म्हणाला.

महिनाअखेरीला डगीचा ट्रक आला. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं, पण आम्ही तिघंही तिथे होतो. लोवेलने दुकान लवकर बंद केलं होतं. बर्निसने काळा कोट घातला होता. डोरीन स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. पायऱ्या उतरणं तिला जमत नव्हतं. घर रिकामं होतं, आतली खोकी ट्रकने आधीच ॲरिझोनाला गेली होती.

डगीने साखळी लावली. सेनेटर फळीवरून हळूहळू वर सरकायला लागली. तिने कसलाही आवाज केला नाही. एवढं समजूतदारपणाने वागताना तिला आम्ही कधी बघितलं नव्हतं. मर्विन बाजूला उभा होता, एक हात तिच्या मडगार्डवर ठेवून, आणि ती वर जात होती तसा तो हातही वर वर जात होता. मग ती हाताच्या पुढे निघून गेली. हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला.

आम्ही टोप्या काढल्या.

डगी गाडीच्या चाकांना पट्टे आवळायला लागला. काहीतरी बोलायला हवं होतं. इतकी वर्षं आम्ही या गाड्यांविषयी बोलत आलो, पण त्या वेळी मला एक शब्द सुचेना. बर्निसलाही सुचेना. तेवढ्यात लोवेल दोन पावलं पुढे आला. त्याने टोपी छातीशी धरली, घसा साफ केला आणि मर्विनसमोर उभा राहिला. त्याचा चेहरा साक्षीच्या वेळी होतो तसा झाला होता.

मर्विनने डगीला हाताने थांबायची खूण केली. "बोल, लोवेल," तो म्हणाला. "बोल. मी ऐकतोय."

"मर्विन," लोवेल म्हणाला, "तो मागचा डावा दिवा... आता तुला लागणार नसेल, तर मी काढून घेऊ का? स्क्रूड्रायव्हर आणलाय मी."