पोळ्यानंतरचा बर्फ

मी बर्फात घालायचं जाकीट बोलतोय. लाल रंगाचं, आत जाड भरण असलेलं, गळ्यापर्यंत चेन लागणारं. राहतो वाशीम जिल्ह्यातल्या शेलूबाजारात, जिथे उन्हाळ्यात दाराची कडीसुद्धा हाताला चटका देते. अशा गावात माझं काय काम, हे मीही बरेच दिवस स्वतःला विचारत होतो.

जन्म लुधियानाचा. तिथून मनालीच्या वरच्या रस्त्यावर, भाड्याने कपडे देणाऱ्या एका दुकानात गेलो. रोज नवा माणूस माझ्यात शिरायचा. पायाला बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्या बांधून ताठ उभा राहायचा, दोन हात घसरला की धपकन बसायचा आणि बसल्या बसल्या फोटो काढायचा. स्कीइंग करणारे थोडे, केलं म्हणून सांगणारे सगळे. माणसांबद्दलचं माझं मत तिथेच ठरलं.

पुढे चेन बिघडली. मालकाने मला जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात कोंबलं आणि मी अकोल्याच्या फुटपाथवर ढिगात येऊन पडलो. तिथे शिवमने मला उचललं. शेलूबाजारला हायवेला लागून त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. "हे भंगारात तरी कोन घेईन?" असं माझ्या तोंडावर म्हणत त्याने मला जवळपास फुकटातच घरी आणलं.

घरी आल्यावर कळलं, हौस त्याची नव्हतीच. त्याच्या बायकोची, निकिताची होती. शाळेत असताना ती जिल्ह्याच्या स्पर्धेपर्यंत धावायला गेलेली. मोबाईलवर एक मुलगी पांढऱ्या उतारावरून सुसाट खाली येताना तिने पाहिली आणि म्हणाली, "मले हे कराचं हाये. एक डाव तरी." ती घरी शिवणकाम करते. माझी चेन तिनेच बदलली, तीही इतकी सफाईने की लुधियानावाल्यांनी शिकून घ्यावी.

मग शिवम आणि त्याचा दोस्त लखन ओट्यावर बसून मनालीची सहल ठरवू लागले. ठरवू कसले, कापू लागले. आधी चांगलं हॉटेल कापलं. मग शिकवणारा कापला.

"उतार हाये ना," शिवम म्हणाला, "मानूस आपोआप खाली येते. त्यात शिकवाचं काय?"

मग हिवाळा कापला. थंडीत खोल्या महाग, पोळ्यानंतर अर्ध्या भावात.

"पन तवा बर्फ राह्यते का?" लखनने विचारलं.

"पहाड हाये बावा तो! तिथला बर्फ काय उठून मूर्तिजापूरले जाते का?"

निकिता आतून म्हणाली, "म्या पाह्यलं मोबाईलवर. तवा तिकडं पानी राह्यते, बर्फ नाही."

"तुले काय समजते त्यातलं?"

शेवटी त्याने निकिताच कापली. दोघा पुरुषांना एक खोली पुरते, बाईमाणूस आलं की वेगळी सोय लागते, असा त्याचा हिशेब. "मी पह्यले पाहून येतो, मंग तुले नेतो," म्हणाला.

त्याची आई चतुराबाई चुलीपुढून उठून आल्या. "काहून रे, जाचं तिले होतं ना?"

"माय, तू मधात नको बोलू."

निकिताने माझी घडी घातली आणि त्याच्या बॅगेत ठेवली. घडीवर तिचा हात जरा वेळ तसाच राहिला.

मनालीला आम्ही पोहोचलो ते धो धो पावसात. जो उतार मी वर्षानुवर्षं पांढरा पाहिला होता, तिथे हिरवंगार गवत आणि त्यात चरणाऱ्या गाई. दुकानं बंद. एका दुकानदाराने कीव येऊन धुळीतून पट्ट्या काढून दिल्या. शिवम मला अंगात घालून गवतावर उभा राहिला आणि लखनला म्हणाला, "फोटो खालून घे. ढग बर्फावानी दिसले पाह्यजेत." तेवढ्यात पाय सटकला आणि तो माझ्यासकट चिखलात लोळला. गाईंनीसुद्धा मान वळवली.

गावी परतल्यावर दुकानात गिऱ्हाइकांना सांगताना त्याचा घसा थकेना. "काय बर्फ, बाप्पा! गुडघ्यापर्यंत!"

निकिताने मला धुवायला घेतलं. कोपरातून चिखल निघाला, गवताच्या काड्या निघाल्या. तिने पाण्याकडे पाहिलं, शिवमकडे पाहिलं आणि मला पिळून दोरीवर टाकलं. मागून चतुराबाईही ते गढूळ पाणी पाहत होत्या.

त्यानंतर निकिताने स्वतःच फोन लावले. मनालीतच स्कीइंग शिकवणारी एक सरकारी संस्था सापडली. राहणं, जेवण, पट्ट्या, शिकवणारा, सगळं त्यातच. शिवमने एवढं कापूनही त्याची सहल याहून महाग पडली होती.

"एकटी जाशीन? लोकं काय म्हनतीन?"

"तुमी गेले तवा लोकं काय म्हनले?"

तरी शिवम हो म्हणेना. दोन दिवस घरात कोणी धड जेवलं नाही. मग चतुराबाईच म्हणाल्या, "जाय वं पोरी. भाकरी मी थापतो."

हिवाळ्यात निकिता मला घालून गेली. पहिल्या दिवशी तोंडावर आपटली. दुसऱ्या दिवशी गुडघे काळेनिळे झाले आणि ती भिंतीकडे तोंड करून रडली. मी मनात म्हटलं, झालं, हीसुद्धा त्या फोटोवाल्यांतलीच. पण सकाळी ती सगळ्यांच्या आधी उतारावर उभी होती. आणि एक दिवस वरून निघाली ती डगमगत, हात पसरत, थेट खालपर्यंत आली. पडली नाही. तिचं काळीज माझ्या आत असं उडत होतं की माझी शिवण उसवते की काय वाटलं. फोटो काढला नाही. फोन खोलीवर राहिला होता.

संध्याकाळी तिने घरी व्हिडिओ कॉल लावला.

"पडली का?" चतुराबाईंनी विचारलं.

"लय पडली. पन आज आली खालपर्यंत."

शिवमने मधेच डोकं घातलं. "बर्फ कसा राह्यते वं? हाताले चिकटते का?"

"काहून?" चतुराबाई म्हणाल्या. "तू तं गुडघ्यापर्यंत पाह्यला ना!"

त्याचं डोकं पडद्यावरून गायब झालं.

आता उन्हाळा लागलाय. "पुढच्या वेळी मलेही ने," असं शिवम निकिताला म्हणतोय. निकिताने अजून उत्तर दिलेलं नाही. वाचकहो, माणसांबद्दलचं माझं मत फारसं बदललेलं नाही. स्वस्तात जायचं तर खुशाल जा, फक्त ज्याला जायचंय त्याला घरी ठेवून जाऊ नका. बाकी मला बोलायला वेळ नाही. निकिता डांबरगोळ्या घेऊन आलीय. तो वास मला अजिबात सोसत नाही. पण घालू दे दोन-चार जास्तच. मला हिवाळ्यापर्यंत टिकायचंय.