साडूंची गाडी आणि मीटरचा काटा

मास्तर आणि घड्याळवाले हे एकमेकांचे साडू. कामधंद्यातून मोकळे झाल्यावर दोघांनी भागीत एक जुनी गाडी घेतली आणि तिचं इंजिन आपल्या हातांनी खोलून पुन्हा बसवलं. त्यांच्या बायका, म्हणजे दोघी बहिणी, त्या गाडीला आपली सवत म्हणायच्या.

घड्याळवाल्यांचा जन्म काट्यांकडे बघण्यात गेलेला. त्यांनी धुराच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर बसवला आणि स्टिअरिंगशेजारी एक गोल मीटर. इंजिनात हवा जास्त जाते की पेट्रोल, हे त्यावर दिसायचं. पहिल्याच दिवशी काटा हवेच्या टोकाला जाऊन बसला. त्यांनी कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवलं. काटा जेमतेम हलला. त्यांनी आणखी वाढवलं.

गाडी काळा धूर ओकायला लागली. मास्तरांच्या अंगणात त्यांच्या बायकोने वाळत घातलेल्या चादरींना पेट्रोलचा वास लागला. मास्तरांनी प्लग काढून पाहिले, तर काजळीने काळेकुट्ट. पेट्रोल उतू जातंय, मीटरच बिघडलाय, असं त्यांचं म्हणणं. घड्याळवाल्यांनी नवा सेन्सर आणून लावला. काटा तिथेच. काटा खोटं बोलत नाही, असं ते पुन्हा म्हणाले, तेव्हा मास्तर बोलून गेले, "म्हणूनच तुमच्याकडून आणलेलं आमचं घड्याळ कायम मागे पडायचं वाटतं."

हे जिव्हारी लागलं. घड्याळवाले हात पुसून घरी गेले, ते फिरकेचनात.

मास्तरांना करमेना. एकटेच गाडीत बसून इंजिन चालू करायचे, बंद करायचे. तेव्हा एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली आणि ते तडक साडूंच्या दारात जाऊन उभे राहिले. माफी मागायची तयारी करून गेले होते, पण तोंडातून निघालं भलतंच.

"गाडी रेस केली की काटा पेट्रोलकडे पळतो. पाय काढला की परत हवेकडे. असं का व्हावं?"

घड्याळवाल्यांनी रुसवा धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण प्रश्न फार चांगला होता. ते चपला शोधू लागले. पाइपात कुठूनतरी बाहेरची हवा शिरत असणार, असं त्यांनी वाटेतच सांगून टाकलं.

इंजिन थंड होतं तोवरच त्यांनी ते चालू केलं. मास्तरांनी मागे जाऊन पाइपाच्या तोंडाशी जाडं फडकं दाबून धरलं. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून कान लावायला पुढे घड्याळवाले. फस् फस् असा बारीक आवाज आला. तिथे साबणाचं पाणी शिंपडल्यावर, इंजिन आणि पाइप जुळतात त्या सांध्यावर बुडबुडे फुगले. तो सांधा घट्ट बंद ठेवणारी मधली पट्टी, म्हणजे गॅस्केट, चिरलं होतं. पाइपाचं तोंड दाबलं की तिथून धूर बाहेर यायचा; एरवी, इंजिन हळू चालताना, तिथूनच बाहेरची हवा आत ओढली जायची आणि सेन्सर तीच मोजत होता.

"म्हणजे काटा खरंच बोलत होता," मास्तर म्हणाले. "त्या दिवशी माझी जीभ घसरली."

"प्लगही खरंच बोलत होते," घड्याळवाले म्हणाले. "ते मी ऐकलं नाही."

नवं गॅस्केट बसवलं, स्क्रू मूळ जागी आणला. काटा मधोमध येऊन अलगद डोलू लागला. दोघींना मागे बसवून चौघं फिरायला निघाले. परतताना घड्याळवाल्यांचं घर आलं, तरी मास्तरांनी गाडी पुढेच काढली. घड्याळवाल्यांनी आपलं घर मागे जाताना पाहिलं आणि थांबा म्हणायच्या ऐवजी वारा घ्यायला काच थोडी खाली केली.