हलका डबा

गाडी विकायला बाबांना मी लावलं, हे मी अख्ख्या वर्गाला सांगून मोकळी झाले होते. म्हणजे आता मागे फिरायची सोय नव्हती.

बाबा किल्लीवाले. अडकलेली कुलपं उघडणं आणि हरवलेल्या किल्ल्या पुन्हा घडवणं हे त्यांचं काम. गिऱ्हाइकं सगळी जवळपासच्या पाच-सहा रस्त्यांवरची, पण तेवढ्यासाठी ते गाडी काढायचे, गर्दीत अडकायचे, मग ती लावायला जागा शोधत आणखी चार चकरा मारायचे. महिनाभर मी जेवताना भुणभुण लावली. शेवटी ते म्हणाले, "जिंकलीस बाई. आता घास गिळू दे." गाडी गेली आणि दोन सायकली आल्या. गाडीच्या जागेत आईनं खुर्ची टाकली आणि म्हणाली, "बघू किती दिवस टिकतंय हे साधं राहणं."

राहता राहिला हत्यारांचा डबा. बाबांनी स्वतः निवडून तो अर्धा केला, तरी कॅरिअरवर बांधला की चढावर सायकल मागे ओढायची. म्हणून शनिवारी मी त्यातून गुपचूप आणखी तीन वस्तू काढल्या. विसरले वगैरे काही नाही. मी सांगितलंच नाही.

रविवारी सकाळी शिवणकाम करणाऱ्या ताईंचा फोन आला. त्यांच्या अडीच वर्षांच्या गोटूनं न्हाणीघरात शिरून आतून कडी लावली होती, आणि आत टबभर पाण्यात कपडे भिजत होते.

आम्ही सात मिनिटांत पोचलो. आयुष्यात इतक्या जोरात पॅडल मारलं नव्हतं मी. दारात ताईंनी आमच्या मागे रस्त्यावर नजर टाकली. "गाडी कुठाय? दादा, सायकलवर आलात?"

"पोचलो ना," बाबा म्हणाले आणि आत शिरले.

शिलाई मशीनवर अर्धा शिवलेला फ्रॉक तसाच लोंबत होता. न्हाणीघराचं दार जाड लाकडाचं, आत उघडणारं. कडी आडवी, खाली, पोराच्या हाताला येईल अशी. वरची खिडकी जाळीची, मांजरसुद्धा जाणार नाही एवढी.

"तोडा ना दादा, सरळ तोडा."

"तो दारामागेच असला तर? लागेल त्याला." बाबा गुडघ्यांवर बसले. "गोट्या, ए गोट्या, काय करतोयस?"

आतून पाण्याचा चुबुक आवाज आला.

"टबाजवळ आहे," ताई एवढंच म्हणाल्या आणि तोंडावर पदर दाबला.

बाबांनी दार आणि चौकट यांच्यात पटाशी घालून फट रुंद केली. आता लांब तारेचा आकडा फटीतून आत घालायचा, त्याचं टोक कडीच्या दांड्याला टेकवायचं आणि दांडा तीळतीळ मागे सारायचा. मी हजारदा पाहिलंय. त्यांनी मागे न बघता हात पुढे केला. "आकडा दे."

आकडा आमच्या घरी फडताळावर पडला होता. तीन महिन्यांत एकदाही वापरला नव्हता तो, आणि कॅरिअरबाहेर येऊन टोचायचा.

"बाबा, तो मी काढून ठेवला."

त्यांनी वळून पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "घरी जाऊन यायला किती?"

"पंधरा मिनिटं."

आतून पुन्हा चुबुक. मग काहीच नाही.

"गोटू?" ताईंनी हाक मारली. "गोटू, बोल ना रे."

बाबांची नजर घरभर फिरली. टेप, सुया, दोरे, सगळं आखूड नाहीतर मऊ. माझी नजर उघड्या दारातून बाहेर, माझ्या सायकलवर गेली. पुढच्या चाकाचे स्पोक. पोलादी, वीतभराहून लांब, आणि एका टोकाला मुळातच वाकलेले. स्पोक सैल-घट्ट करून चाक सरळ करायला मी गेल्याच आठवड्यात शिकले होते.

पक्कड घेऊन मी धावले. घामानं पक्कड दोनदा घसरली, बोटाचं साल निघालं, पण स्पोक सुटला. बाबांनी तो फटीत घातला, दाबला, आणि तो मधोमध वाकला.

"बारीक पडतोय. आणखी एक आण."

दुसरा आणला. बाबांनी पहिला सरळ करून दोन्ही जोडून धरले तर ते एकमेकांवरून निसटायला लागले. तेवढ्यात ताईंनी मशीनवरची दोऱ्याची रीळ ओढली आणि स्पोकांवर गच्च वेटोळी घालायला लागल्या. वेटोळं एकही सैल नव्हतं. दातांनी दोरा तोडून त्या म्हणाल्या, "घ्या."

बाबांनी तो जोड फटीत घालून दांड्याला टेकवला. खर्र. मग थांबलं. पुन्हा खर्र. दांडा किती सरकला ते कुणालाच दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. ताई माझा दंड धरून उभ्या होत्या, आणि त्यांची नखं रुतत होती ते मला नंतर कळलं.

टक्.

बाबांनी दार तळहातानं अगदी हळू ढकललं. ते वीतभर उघडलं आणि कशाला तरी अडलं. आत गोटू दाराला पाठ लावून बसला होता, डोक्यावर मग, आणि साबणाची वडी मन लावून चाटत होता. सगळे कपडे टबाबाहेर आणि ताईंची शिवणाची मोठी कात्री टबात.

दार पाठीला लागलं म्हणून त्यानं भोकाड पसरलं. इतकं सुंदर रडणं मी कधी ऐकलं नव्हतं.

ताईंनी त्याला उचलून पोटाशी धरलं, साबणासकट.

परतताना माझं पुढचं चाक वाकडं फिरत होतं, म्हणून मी सायकल ढकलत निघाले. बाबाही उतरले. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाले, "आणखी काय काय काढलंयस?"

"छोटी करवत. आणि टॉर्च."

"टॉर्च," ते म्हणाले. नुसतंच. मला टॉर्चपेक्षाही लहान झाल्यासारखं वाटलं.

"घरी गेल्या गेल्या ठेवते. पण बाबा, मग डबा जड होईल."

"होऊ दे."

"आणि चढ?"

"चढावर तू उतरशील आणि मागून ढकलशील," बाबा म्हणाले. "रोज."